खाकी पँटचं माप

एसटीच्या चालकाचं वजन नेमकं कुठे वाढतं, याचं एक उत्तर महामार्गावरच्या हॉटेलात मिळतं. रात्री साडेदहा-अकराला गाडी जेवणासाठी थांबते. प्रवासी पुढच्या दारानं आत जातात, चालक आणि वाहक बाजूच्या खोलीत. तिथे त्यांच्यासाठी टेबल राखलेलं असतं, ताट वाढायला घेतलेलं असतं आणि बिल द्यायचं नसतं. गाडी थांबवणाऱ्यांना जेवू घालायचं, हा महामार्गावरचा जुना रिवाज. तेलाचा तवंग आलेली पनीरची भाजी, बटर फासलेल्या रोट्या, दाल तडका, जिरा राइस, वर एखादा गुलाबजाम. ‘ड्रायव्हरसाहेब, अजून एक रोटी घ्या की,’ असा मनापासूनचा आग्रह. वीस मिनिटांत हे सगळं पोटात जातं आणि माणूस उठून पुन्हा त्याच सीटवर बसतो, पुढचे तीन-चार तास.

साताऱ्याकडचा एक चालक अशी ताटं वर्षानुवर्षं जेवला. आज तो पंचेचाळिशी ओलांडलेला, उंची पाच फूट सहा इंच. वजन एकदा ९४ किलोंवर गेलं, पुढे ७९ वर आलं, पुन्हा नव्वदीला भिडलं. मधल्या काळात जिम झाली, डाएट झालं, आणि प्रत्येक गोष्ट काही महिने चालून बंद पडली. घरच्यांचं, सोबतच्यांचं, शेजाऱ्यांचं निदान एकच: मनावर घेत नाही. हे निदान चुकीचं आहे. त्याच्या ड्यूटीचा चार्ट आणि वजनाचा काटा शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर वजन निश्चयाच्या मागे फार थोडं आणि चार्टच्या मागे भरपूर धावलेलं दिसतं.

नोकरीला लागला तेव्हा पद होतं ‘चालक तथा वाहक’. पहिली काही वर्षं वाट्याला वाहकाचं काम जास्त आलं, तेही तालुक्यातल्या फेऱ्यांवर. आठवडी बाजाराच्या दिवशी गाडीत सीटपेक्षा माणसं जास्त. मधल्या वाटेत भाजीची बोचकी, कोंबड्यांची डाली, शाळेची दप्तरं. त्यातून ‘मागं सरका, मागं सरका’ करत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचं, मशीनमधून तिकीट काढून द्यायचं, सुट्ट्यांसाठी वाद घालायचा, म्हातारीला हाताला धरून उतरवायचं, गाडी मागे घेताना खाली उडी मारून शिट्टी वाजवायची. पायांना दिवसभर उसंत नसे. व्यायाम हा शब्दही तेव्हा त्याच्या डोक्यात नव्हता.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचा शिंपी आहे. गणवेशाचं खाकी कापड हातात आलं की अर्धा डेपो याच दुकानाची पायरी चढतो. शिंप्याकडे मापांच्या जुन्या वह्या आहेत, बिल्ला नंबर टाकून लिहिलेल्या, कोपरे दुमडलेल्या. या चालकाच्या बिल्ल्यापुढे पहिली कंबर ३० आहे, दुसरी ३१. पुढे घाटात हात चांगला चालतो म्हणून त्याच्याकडे कायमचं स्टिअरिंग आलं. त्यानंतर त्याच वहीत ३४, मग ३६, मग ३८. एका नोंदीच्या कडेला पेन्सिलीनं ‘मागं कापड ठेवणे’ असं लिहिलं आहे. मागच्या शिवणीत दोन इंच कापड दाबून ठेवायचं, म्हणजे वर्षभरानं पँट सैल करता येते. चालकांच्या पँटीत शिंपी हे न विचारता करतो. वाहकांना सहसा लागत नाही, असं तो सांगतो.

साताऱ्यातल्या शिंप्याच्या लक्षात आलेली ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी लंडनमध्ये वैद्यकशास्त्रात नोंदली गेली. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुमजली बसचा चालक ड्यूटीतला बहुतेक वेळ बसून असे; वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. दोघं एकाच गाडीवर, एकाच आर्थिक थरातले. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार कमी, झालाच तर उशिरा आणि सौम्य. पुढे १९५६ मध्ये मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी बाहेर काढल्या. चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुण वयातसुद्धा. त्यामुळे एक रास्त शंकाही उभी राहिली: मुळातच जाडसर असलेली माणसं चालकाच्या कामाकडे वळत असतील तर? आपल्या चालकापुरती ही शंका उरत नाही. माणूस तोच, घरची भाकरी तीच; बदलली ती गाडीतली जागा.

चाळिशीच्या आसपास एका तपासणीत रक्तदाब वर निघाला आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्याला हे पटेना. ‘माझे हातपाय बघा की डॉक्टर, कुठं सुटलोय मी?’ डॉक्टरांनी टेप काढून बेंबीवरून पोट मोजलं. १०२ सेंटीमीटर. भारतीय पुरुषासाठी ही मर्यादा ९० धरतात.

हातपाय सडपातळ आणि पोट पुढे, हा आपल्याकडचा खास नमुना आहे आणि तो जगापुढे मांडला तो पुण्याच्याच संशोधकानं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. म्हणूनच भारतीयांसाठी या निर्देशांकाच्या रेषा खाली ओढल्या आहेत: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. आपल्या चालकाचा आकडा तेव्हा ३३ च्या वर होता.

जिमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जानेवारीत वर्षाची फी भरली. फेब्रुवारीत रात्रपाळी लागली. मार्चनंतर तो तिकडे फिरकला नाही.

२०१८ मध्ये मात्र सगळ्या महाराष्ट्राबरोबर त्याचा डेपोही डाएटच्या चर्चेत बुडाला. विश्रांतिगृहातल्या खाटांवर दोन तट पडले. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ही पद्धत मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित प्रत्येक व्याख्यानात सांगत. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे: थोड्या थोड्या वेळानं, थोडं थोडं, घरचं आणि आपल्या मातीतलं खायचं, तूप-भाताला घाबरायचं नाही. घाटात दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना दर दोन तासांनी खाणं चालकाला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं दीक्षितांचा मार्ग धरला. आणि तो लागू पडला. चार-पाच महिन्यांत सात किलो उतरले. शिंप्यानं पँट आत घेतली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला सोपा, फुकटचा आणि लक्षात राहील असा नियम दिला होता. डेपोतल्या कितीतरी जणांना त्याचा खरोखर उपयोग झाला.

पण या नियमाला दोन जेवणांच्या ठरलेल्या वेळा हव्यात, आणि त्याच ठरलेल्या नव्हत्या. एक आठवडा पहाटे पाचची गाडी, दुसरा आठवडा बोरिवलीची रात्रीची, तिसरा मुक्कामी गाडीचा. मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात पोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे गाडी परत निघते. त्या गावात कुणाच्या घरून आग्रहाचं ताट येतं. ते परत पाठवणं म्हणजे माणसं दुखावणं. तरीही त्यानं ओढलं. अखेर आषाढी आली.

बाहेरच्या माणसाला कळत नाही ते हे. एसटीच्या चालकाचं वर्ष जादा गाड्यांनी कापलेलं असतं. चैत्रात गावोगावच्या यात्रा, मग लग्नसराई, मग आषाढीला पंढरपूर, मग गणपतीला मुंबईहून कोकण, मग दिवाळी. पंढरीला राज्यभरातून हजारो जादा गाड्या सुटतात. तात्पुरत्या बसस्थानकावरची धूळ, पाऊस, गाडीतच काढलेली रात्र, मिळेल तेव्हा मिळेल ते खाणं. वारकरी सुखरूप पोचवल्याचं समाधान त्याला मोठं वाटतं. ते दिवस तो कुणाला देऊ करणार नाही. मात्र परत येईपर्यंत चालण्याची सवय सुटलेली असते, आणि ती पुन्हा बसते न बसते तोच गणपतीचा चार्ट लागतो. जिम सोडली तर त्याचे बाकीचे प्रयत्न कधी बंद पडले ते महिने बघावेत: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. यात आळस कुठे आहे?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी. संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. पगार बंद; तो बायको-मुलांसह कोरेगाव तालुक्यातल्या गावी गेला. एकरभर रानात आल्याचं पीक होतं. काढणी सुरू झाली तेव्हा मजूर लावायला पैसे नव्हते. कुदळीनं गड्डे उकरायचे, माती झटकायची, मुळ्या तोडायच्या, पोतं भरून बांधापर्यंत डोक्यावर न्यायचं. आपलं संपलं की दुसऱ्याच्या रानात रोजानं. जेवणात भाकरी, घेवड्याची आमटी, ठेचा. त्या हिवाळ्यात वजन ७९ वर आलं. कुठला नियम नाही, कुठलं डाएट नाही.

भेटेल तो म्हणायचा, ‘काय फिट झालायस राव!’ त्याला ते ऐकवत नसे. घराचा हप्ता थकलेला, पोरीची फी भरायची राहिलेली, रात्रीची झोप गेलेली. वजन कमी होणं ही नेहमी आनंदाचीच बातमी असते असं आपण धरून चालतो. कष्टकरी माणसाच्या बाबतीत हे गृहीत धरताना जरा थांबायला हवं.

संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, तो पुन्हा सीटवर बसला. दीड वर्षात वजन नव्वदीला. यावेळी त्याला सर्वांत जास्त लागलं, कारण तो पूर्वीपेक्षा जास्त खात नव्हता. हे त्याचं निव्वळ समाधान करून घेणं नव्हतं. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची केविन हॉल यांच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, पण शरीराचा विश्रांतीतला खर्च परत आला नव्हता. तो अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. त्या स्पर्धकांचं उतरणं टोकाचं होतं, पण झपाट्यानं उतरलेलं शरीर नंतरही काटकसरीनं चालतं, हे त्यातून स्पष्ट झालं. डॉक्टरांनी हे त्याला साध्या शब्दांत सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. इतकी वर्षं तो स्वतःलाच दोष देत होता.

खरं वळण मिळालं ते एका मुक्कामाच्या रात्री. कासवरून बामणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, गाडीच्या मागच्या सीटवर दोघांची अंथरुणं. बरोबरचा वाहक नवखा, पंचविशीचा. सकाळी चहा पिताना तो दबकत म्हणाला, ‘दादा, राग मानू नका. रात्री घोरता घोरता तुमचा श्वासच थांबतो हो. मी उठून बघत बसतो, परत सुरू होतोय का.’

चालकाला त्याच्याही आधीची एक गोष्ट आठवली, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. खंबाटकीचा घाट उतरल्यावर सरळ रस्त्यावर त्याची पापणी क्षणभर मिटली होती. त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरून तोंडावर पाणी मारलं. मागे चाळीस-पंचेचाळीस माणसं झोपलेली होती.

झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास अडण्याचा विकार निघाला. जाड मान आणि पोटावरची चरबी हे त्याचे नेहमीचे सोबती. अशा माणसाची झोप रात्रभर तुटत राहते; दिवसा गुंगी येते, आणि अपुऱ्या झोपेनं भूकही वाढते. म्हणजे वजनानं झोप जाते आणि गेलेली झोप वजन वाढवते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका दीर्घ पाहणीत २००० साली दिसलं होतं की वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शानं कमी होतं. डॉक्टरांनी घरी झोपताना लावायचं मशीन दिलं आणि आठ-नऊ किलोंचं लक्ष्य. मशीन मुक्कामी गाडीत चालणार नाही, तिथे वीजच नाही. म्हणून त्यानं एक निर्णय घेतला जो आजवर कुठल्याच प्रयत्नात घेतला नव्हता. त्यानं लांब पल्ल्याची रात्र आणि मुक्काम सोडून दिवसाच्या स्वारगेट फेऱ्या मागून घेतल्या, एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून. ओव्हरटाइम आणि भत्ते गेले. बायकोला आकडा सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अहो, पैशाचं बघू आपण. आधी तुम्ही नीट झोपा.’

चालकाच्या तब्येतीबद्दल बोलताना हे आपण सगळ्यांनीच लक्षात घ्यायला हवं. त्याचं पोट हा चेष्टेचा विषय होतो, आणि त्याच्या झोपेवर आपली पोरंबाळं प्रवास करत असतात.

आता दिवस असा जातो. पहाटे, पाळी दुपारची असेल तर, शाहूनगरच्या बाजूनं अजिंक्यतारा. साताऱ्यात पहाटे गड चढणाऱ्यांची रांगच असते: निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची पोरं, साडीवर बूट घातलेल्या बायका. सुरुवातीला तो पहिल्या दरवाजापर्यंत तीनदा बसायचा. आता मंगळाईच्या देवळापर्यंत न थांबता जातो. पाळी सकाळची असेल त्या आठवड्यात गड नाही, आणि त्याचं त्याला आता काही वाटत नाही. त्या दिवसांत स्वारगेटला गाडी लागली की विश्रांतीच्या बाकड्यावर न बसता तो स्थानकाच्या आतल्या आत दहा मिनिटं भरभर चालतो, परत साताऱ्यात आल्यावर आणखी दहा. पूर्वी सलग दहा मिनिटांच्या आतला व्यायाम हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं हवीत, ती कशीही तुकड्यांनी भरली तरी चालतात. ज्याचा दिवसच तुकड्यांचा आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

नुसतं चालून भागणार नाही, स्नायूही टिकवायला हवेत, हे डॉक्टरांनी बजावलं तेव्हा त्याला आजोबा आठवले. ते औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि आजोबा सत्तरीतही अंगणात नमस्कार घालत. नातू आता विश्रांतिगृहात दोन खाटांमधल्या जागेत सतरंजी टाकून घालतो. आधी बाकीचे उशीवरून बघत राहायचे. हल्ली दोघं-तिघं सोबत उभे राहतात, आणि जागा कमी पडते म्हणून एक खाट भिंतीला लावावी लागते.

डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, वाघ्या घेवड्याची उसळ, काकडी, बाटलीत ताक. कधी गाडी हॉटेलवर थांबलीच तर तो बाजूच्या खोलीत बसतो, मॅनेजरशी गप्पा मारतो आणि स्वतःचा डबा उघडतो. सुरुवातीला मॅनेजरला वाईट वाटलं, ‘आमच्या जेवणात काही कमी पडलं का साहेब?’ त्यानं साखरेचा रिपोर्ट मोबाइलवर दाखवला. तेव्हापासून टेबलावर त्याच्यासाठी कांदा-लिंबाची ताटली येते.

वजन ९० वरून ८२ वर यायला वर्ष लागलं. मग ८५ झालं, गेल्या गणपतीत; मग पुन्हा ८३. साखरेची सरासरी ५.८. पोट ९४ सेंटीमीटर, अजून मर्यादेच्या वरच. घोरणं कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. मशीन अजून लागतं.

आषाढीच्या जादा गाड्यांचा चार्ट लागला आहे आणि त्याचं नाव त्यात आहे. पंढरपूरला मशीन नेता येणार नाही, म्हणून रात्रीच्या फेऱ्या दुसऱ्याला आणि दिवसाच्या मला द्या, अशी विनंती त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आधीच देऊन ठेवली आहे. बायकोनं भाजलेले हरभरे आणि शेंगदाणे भरून डबा तयार केला आहे. ते दिवस गड होणार नाही. परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पाळी दुपारची आहे. त्या पहाटे विश्रांतिगृहातल्या दोघांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर जायचं ठरलं आहे, आणि रक्ताची तपासणी ऑगस्टमध्ये.